ठाणेदारसाहेबांच्या हाताचा घाम

बंदुका दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं असं मी सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या मिशांकडे बघतो. तिथं काही विशेष सापडत नाही. मग दंडाकडे बघतो. तिथंही निराशाच. शेवटी विचारतो, "मग वाघ किती मारले?" एकही नाही. डुक्कर? तेही नाही. एकदा भर दुपारी सशावर बार टाकला होता. ससा कान वर करून बघत राहिला आणि शेजारच्या शेतातल्या बुजगावण्याचं मडकं फुटलं. त्या शेतकऱ्यानं मला नवीन मडकं आणायला लावलं आणि वर म्हणाला, "मिस्तरी, तुमी दुरुस्तीच करत जा."

तेच केलं. नांदुऱ्याला स्टेशनाकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर उस्ताद नूरमियांचं हत्यारदुरुस्तीचं परवान्याचं दुकान होतं. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चालायचा, आणि परवान्याचे कायदे इतके कडक होते, की आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपेक्षा तपासायला येणारे जास्त. काम म्हणजे बहुतेक ठासणीच्या बंदुका. ज्वारीत डुकरं शिरतात, म्हणून पाटला-देशमुखांकडे एकेक असायची. कुणाचा दस्ता तडकलेला, कुणाच्या नळीत गांधीलमाश्यांचं घर.

मी सुताराच्या घरचा. उस्तादांनी मला आधी लोखंडाच्या कामाला बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका नळीवर माझ्या पाची बोटांचे ठसे बघितले, तांबडे, गंजाचे. काही माणसांच्या घामात खारच जास्त असतो. लोखंडाला हात लावला की रात्रीतून गंज चढतो. माझा हात त्यातला. हिवाळ्यातही तळव्याला ओल. उस्तादांनी माझा पंजा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "किसन, ये हाथ है या कुआँ? लोहे से दूर रह. लकडी पकड." अशा रीतीनं माझी नेमणूक लाकडाकडे झाली. दस्ते आणि मुठी. हुशारीमुळे माणसं वर चढतात. मी घामामुळे बाजूला सरकलो, आणि तिथंच पाय रोवून बसलो.

अशात एका उन्हाळ्यात संग्रामपूरचे ठाणेदार इंगळेसाहेब दुकानात आले. अंगानं भरदार, आवाजानं बारीक. ठाण्यात ते ओरडले की बाहेरच्या माणसाला वाटे, आत कुणीतरी गाणं शिकतंय. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं स्वतःचं सहाबारी रिव्हॉल्वर माझ्यापुढं ठेवलं.

"मिस्तरी, हे हातात राहत नाही."

"म्हणजे?"

त्यांनी हात पुढं केला. मी तो हातात घेतला आणि मला जुना नातेवाईक भेटल्यासारखं झालं. तो तळवा माझ्यापेक्षा ओला होता.

इथं थोडं धंद्याचं सांगतो. लांब बंदूक दोन्ही हातांत आणि खांद्यावर असते, तिला तीन आधार. रिव्हॉल्वरला एकच, मूठ. ती मूठ म्हणजे मधे लोखंडाची चौकट आणि दोन्ही बाजूंना स्क्रूनं बसवलेल्या लाकडाच्या फाका. बार उडाला की हत्यार मागं आणि वर उसळतं. हात कोरडा असेल तर ते हातातच उसळतं. ओला असेल तर साबणाच्या वडीसारखं फिरतं. म्हणून फाकांवर बारीक रेघा आडव्या-तिडव्या कोरतात. त्यांची जाळी होते, दिवाळीच्या शंकरपाळ्यांसारखी. प्रत्येक शंकरपाळ्याला टोक असतं, ते कातडीत रुततं आणि घाम खालच्या रेघेतून निघून जातो. जाळी फार बारीक केली तर रेघांमध्ये मळ भरून सगळं गुळगुळीत. फार मोठी केली तर तळहात सोलतो. इंगळेसाहेबांच्या मुठीवरची विलायती जाळी झिजून झिजून देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामासारखी झाली होती.

मी म्हणालो, "जाळी नवी कोरून देतो, साहेब. यंदाच्या चांदमारीत निशाणावर सहाचे सहा बार लागतील."

"चांदमारीचं सोडा," ते म्हणाले. मग त्यांनी दुकानाबाहेर उभ्या असलेल्या शिपायाकडे बोट केलं. "तो देवराव. त्याले हाक मारून पाहा."

मी हाक मारली. देवराव रस्त्याकडे बघत राहिला.

"डावा कान गेला त्याचा. म्या घालवला."

झालं होतं असं. घाटाच्या रस्त्यावर दोन चोर पळत होते. देवराव त्यांच्यामागं धावला, साहेब देवरावामागं. साहेबांनी रिव्हॉल्वर काढलं, ते ओल्या हातात फिरलं, सावरायला म्हणून त्यांनी मूठ आवळली, आणि मुठीबरोबर चापावरचं बोटही आवळलं गेलं. गोळी देवरावाच्या कानाला घासून गेली. चोर पळून गेले ते गेलेच. देवरावानं कुणाला काही सांगितलं नाही; मोठ्या साहेबांपुढं म्हणाला, कानात पू झाला होता.

"मिस्तरी," इंगळेसाहेब म्हणाले, "मले चोर मारायचा नाही. मले फक्त माह्या माणसाले मारायचं नाही. एवढं करून द्या."

कुणी एवढं मोठं काम इतक्या साध्या शब्दांत सांगितलं की माणसानं गंभीर व्हायला हवं. मी मात्र फुगलो. साध्या जाळीवर भागेना. उस्ताद त्या दिवशी बाळापूरला लेकीकडे गेले होते, त्यामुळे मला अडवणारं कुणी नव्हतं. पैलवान हाताला माती लावतात, तबलजी भुकटी लावतात. मग ठाणेदारानं राळ का लावू नये? मी राळ आणि मेण एकत्र वितळवलं, जाळी कोरलेल्या मुठीवर पातळ थर दिला. दुकानाच्या सावलीत ती मूठ अशी बसायची की बोटांना सोडवत नव्हती. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

चांदमारी बुलढाण्याला होती. काही काम नसताना मी नवी टोपी घालून ती बघायला गेलो. मैदानाच्या कडेला, लिंबाखाली, अशा जागी उभा राहिलो की कुणी "ही मूठ कुणी केली?" असं विचारलंच तर चटकन सापडावं.

जिल्ह्याचे मोठे गोरे साहेब उशिरा आले. तोवर सगळे ठाणेदार उन्हात ताटकळत होते. इंगळेसाहेबांची पाळी आली. त्यांनी सहा बार काढले, आणि चार लागले. चार! आधीच्या वर्षी एक लागला होता, आणि तोही शेजारच्याच्या पाटीवर. मी लिंबाखाली टोपी सारखी केली.

मग रीतीप्रमाणे रिव्हॉल्वर रिकामं करून कमरेला लावायचं आणि सलाम ठोकायचा. साहेबांनी काडतुसांच्या रिकाम्या नळकांड्या डाव्या हातानं पाडल्या. उजवा हात कमरेकडे नेला. उघडायला गेले. उघडेना. उन्हानं राळ वितळली होती आणि सहा बारांच्या जोरानं ती पंजात पक्की बसली होती. त्यांनी एकदा झटकलं. दुसऱ्यांदा झटकलं. तेवढ्यात मोठे साहेब समोर येऊन उभे राहिले. वर्दीतल्या माणसाचा हात अशा वेळी विचार करत नाही. इंगळेसाहेबांनी टाच आपटली आणि खाडकन सलाम केला, रिव्हॉल्वरसकट. नळी बरोबर कानशिलाला टेकली.

मोठ्या साहेबांना वाटलं, दोन बार चुकले म्हणून हा माणूस जिवावर उदार झाला. "नो, नो! चार बहोत अच्छा है!" असं ओरडत त्यांनी इंगळेसाहेबांच्या हातावर झडप घातली, आणि आता दोघंही त्या मुठीला चिकटले.

गोडंतेल आणून सोडवावं लागलं. "ही मूठ कुणी केली?" हा प्रश्न विचारला गेला, मोठ्यानं विचारला गेला. मी तोवर मलकापूरच्या मोटारीत बसलो होतो.

इंगळेसाहेब पुन्हा दुकानात येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. ते आठवड्याभरात आले. तळहाताला हळद लावलेली. रागावले नव्हते, हेच जास्त लागलं. "चिकटलं ते चिकटलं," ते म्हणाले, "पण मिस्तरी, त्या सहा बारांत एकदाबी हातात फिरलं नाही. म्हणजे होऊ शकते."

होऊ शकतं, या दोन शब्दांवर मी आणखी दोन वेळा तोंडघशी पडलो. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मुठीवर चढवला. कोरडी होती तोवर छान, घाम लागला की जिवंत मासळी. मग एकानं सांगितलं, घोरपड भिंतीला धरते ती तिच्या कातडीमुळं. घोरपड भिंत नखांनी धरते, हे मला नंतर कळलं. सातपुड्याकडून बाजाराला येणाऱ्या एका माणसाकडून कातडं घेतलं, तेव्हा त्याला बंदी नव्हती, आणि घाईत अर्धवट कमावून मुठीवर शिवलं. पकड वाईट नव्हती. पण त्यात साहेबांचा घाम मुरला आणि असा वास सुटला, की संग्रामपूरच्या आठवडी बाजारात ठाणेदार पुढं आणि गावची कुत्री मागं. देवराव काठीनं हाकलायचा. लोक म्हणायचे, सायबानं पलटण पाळली.

उस्ताद हे सगळं हसत बघत होते. कुत्र्यांची गोष्ट ऐकल्यावर मात्र ते हसले नाहीत. त्यांनी ते कातडं चिमट्यानं उचलून बाहेर टाकलं आणि म्हणाले, "किसन, मुठीचं लय केलं तू. हात को देखा क्या कभी?"

मी नव्हता पाहिला. घाम पाहिला होता, हात पाहिला नव्हता.

पुढच्या वेळी साहेब आले तेव्हा त्यांना मी घरी नेलं. माझी बायको, गोदा, भाकरीसाठी ज्वारीचं पीठ मळत होती. मी तिच्यापुढची परात ओढली. पिठाचा गोळा रिव्हॉल्वरच्या लोखंडी चौकटीला थापला आणि साहेबांना म्हटलं, "धरा. नेहमी धरता तसं."

गोदा दारात उभी राहून बघत होती. ठाणेदारासमोर बोलायची नाही, पण मला ऐकू येईल असं भिंतीला म्हणाली, "पीठ तेवढंच होतं. आता जेवाले काय भेटन, काडतूस?"

साहेबांनी हात काढला आणि आम्ही पिठाकडे बघत बसलो. त्यांचा पंजा एवढा मोठा, पण दाब फक्त दोन ठिकाणी होता: अंगठ्याच्या खाली आणि करंगळीशी. मधे पोकळ. ती विलायती मूठ लहान पंजाच्या माणसासाठी घडवलेली होती. वर निमुळती, खाली फुगीर, त्यामुळे ओला हात वर घसरायचा. चापाभोवतीच्या कडीमागं तर बोट घालावं एवढी पोकळी. म्हणजे साहेबांच्या हातात हत्यार बसलेलंच नव्हतं, ते नुसतं दाबून धरलेलं होतं. आणि दाबून धरणाऱ्या माणसाचं चापावरचं बोट मोकळं राहत नाही. पाची बोटं एकत्र आवळतात. देवरावाचा कान घामानं नव्हे, त्या पोकळीनं घेतला होता.

ते पीठ मी जपून उन्हात वाळवलं. गोदानं त्या दिवशी शेजारणीकडून पीठ आणलं आणि आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, की आमच्याकडे ठाणेदार भाकरी थापायला येतात.

मग मूठ घडवली. जुन्या शिसवीच्या फाका. मधली पोकळी भरायला तळहाताच्या जागी पोट काढलं, कडीमागं लाकडाचा तुकडा बसवला, वरच्या टोकाला खांदा ठेवला म्हणजे हात वर घसरू नये. जाळी फक्त दाब येतो तिथंच, मध्यम, आणि रेघा खालच्या बाजूला तिरक्या, घाम ओघळून जावा म्हणून. जवसाचं तेल चोळून चोळून मुरवलं. दिसायला ती मूठ भयंकर झाली. एका बाजूनं वांगं, दुसऱ्या बाजूनं रताळं. दुकानात आलेल्या एका देशमुखांनी विचारलं, "हे काय, लाटणं मोडलं का?" या कामात हाच एक त्रास आहे. मूठ जितकी चांगली, तितकी ती एकाच माणसाच्या हाताखाली झाकून जाते, आणि बाकी सगळ्यांना ती बिघडलेलीच दिसते.

ती रिव्हॉल्वरला बसवून मी स्वतः संग्रामपूरला गेलो. हिवाळा लागला होता. ठाण्याच्या मागच्या पडवीत साहेबांनी ती हातात घेतली. हात झटकला. वाकडा केला. पाण्याच्या घागरीत पंजा बुडवून पुन्हा धरली. मग चापावरचं बोट उचलून सरळ बाजूला ठेवलं, चार बोटांनी हत्यार तसंच तोलून धरलं, आणि ते बोट हलवून मला दाखवलं. लहान मूल हलणारा दात दाखवतं तसं.

"मोकळं आहे हो, मिस्तरी," ते म्हणाले.

तेवढ्यात निरोप आला. कापूस विकून परतणाऱ्या एका गाडीवानाला दोघांनी वाटेत कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं होतं. तो शुद्धीवर नव्हता. दोघं डोंगराच्या अंगाला तुरीच्या शेतांत शिरल्याचं गावकरी सांगत होते. साहेब निघाले. देवराव, आणखी दोन शिपाई, एक खासर, म्हणजे हलकी बैलगाडी. मला म्हणाले, "तुमीबी चला. परत यायले दुसरी गाडी नाही भेटणार. खासरातच बसून राहा फक्त."

बसून राहा. एवढीच माझी कामगिरी होती.

शेतांजवळ पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. तूर डोक्याच्या वर गेलेली. साहेब एका बाजूनं आत शिरले, देवराव दुसऱ्या, शिपाई पलीकडून. मी खासरात घोंगडी पांघरून बसलो. आजूबाजूला काही हललं की मी घोंगडी आणखी वर ओढायचो. भीतीचा माणसाच्या मूत्राशयावर काय परिणाम होतो हे मी इथं सभ्य भाषेत एवढंच सांगतो, की मला खासरात बसवेना. गाडीच्या चाकाशी उभं राहावं, तर खासर हाकणारा बघत होता. मी जन्मभर लाजाळू. तुरीत चार पावलं गेलो.

चारची चाळीस कधी झाली कळलं नाही. आडोसा बघता बघता खासर दिसेनासं झालं. बाजूला खसखस झाली. ते चोर होते, डुक्कर होतं, की वारा होता, देव जाणे. मी ज्या कामासाठी आलो होतो ते सोडून, डोक्यावर घोंगडी घेऊन, जिकडं पाय नेतील तिकडं धावत सुटलो. तूर फाडत एकदम एका बांधावर बाहेर पडलो, आणि समोर इंगळेसाहेब.

आमच्यामध्ये एका बैलाएवढं अंतर होतं. त्यांनी हात उचलला. उरल्यासुरल्या उजेडात मला फक्त नळीचं तोंड दिसलं. मी बंदुकीच्या दुकानात जन्म काढत होतो, पण नळी कायम मागच्या बाजूनं बघितलेली. पुढून ती फार मोठी दिसते. मी दोन्ही हातांनी डोक्यावरची घोंगडी घट्ट धरली. मागून देवराव ओरडला, "सायेब, मारा! मारा!"

साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. हनुवटीवरून टपटप पडत होता. हत्यार मात्र हललं नाही. आणि मी बघितलं, त्यांचं बोट चापावर नव्हतं. बाहेर होतं, सरळ, लांब, मोकळं.

"घोंगडी काढ," ते म्हणाले. त्या बारीक आवाजात.

मी काढली.

साहेबांनी हात खाली केला. रिव्हॉल्वर उघडून काडतुसं काढली, देवरावाच्या हातावर ठेवली आणि बांधावर बसले. देवराव माझ्याकडे वाकून वाकून बघत होता. "मिस्तरी? अरे बाप्पा, हे त मिस्तरी हायेत!" असं म्हणून त्यानं मला इतक्या जोरात मिठी मारली की माझी टोपी पडली. ज्या कामासाठी तुरीत गेलो होतो, ते एव्हाना उभ्या उभ्या आपोआप झालं होतं. देवरावाच्या ते लक्षात आलं. त्यानं काही न बोलता स्वतःचं उपरणं सोडून मला गुंडाळायला दिलं.

साहेब बांधावरून म्हणाले, "सांगतलं होतं ना, खासरात बसा म्हणून." त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

ते दोघं चोर त्या तुरीत नव्हतेच. दुसऱ्या दिवशी वरच्या एका वस्तीतल्या लोकांनी त्यांना धरून आणलं. गाडीवान वाचला. साहेबांच्या रिव्हॉल्वरमधून त्या मुठीनं माणसावर एकही गोळी सुटली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. चांदमारीत ते दरवर्षी चारवरच राहिले. मोठ्या साहेबांनी कधी जास्त मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नांदुऱ्याला घरी पोचलो. कमरेला शिपायाचं उपरणं, टोपी चेपलेली. गोदानं वरपासून खालपर्यंत बघितलं. भांडणाच्या तयारीनं पदर खोचला.

"काय झालं? बसली का तुमची मूठ?"

"हाव," मी म्हणालो. "लय चांगली बसली."

तिनं पदर सोडला. जवळ आली.

"मंग रडून काऊन राह्यले?"